म्हसोबाच्या पलीकडची बावीस झाडं

खामनाळ्याला पॅसेंजर एक मिनिट थांबते. त्या एका मिनिटात पासष्ट वर्षांच्या माणसाने गुडघे सांभाळत उतरायचं, मागच्याची पिशवी धरायची, आणि शेवटच्याचा पाय खाली टेकतो न टेकतो तोच गाडी हलायची. फलाट म्हणजे नुसता मुरूम टाकून चोपलेला पट्टा. एक सिमेंटचा बाक, एक पाटी, एक लिंबाचं झाड. दिवसभरात चढणारी-उतरणारी माणसं दोन हातांच्या बोटांवर मोजावीत.

पण दर रविवारी सकाळी तिथं दहा-बारा जण धडाधड उतरत, आणि त्यांच्या पुढे काठी आपटत रामराव गुरुजी असत. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण माणसांची रांग लावायची सवय गेली नव्हती. जालन्यात मस्तगडला राहायचे. जालन्याहून गाडीने जाऊन पुढे पायी फिरायच्या बारा वाटा त्यांनी शोधून काढल्या होत्या. एका स्टेशनावर उतरायचं, रानातून चालायचं, दुसऱ्या स्टेशनावर दुपारची गाडी पकडायची. प्रत्येक वाटेचा नकाशा स्वतःच्या हाताने काढलेला, विहिरी, बारवा, सावलीची झाडं दाखवलेला. कोणी चुकून ‘पिकनिक’ म्हणालं की त्याला पुढचे दोन रविवार बंदी.

बारा वाटांतली पहिली खामनाळा ते बोरटेक, नऊ किलोमीटर. ती पहिली, कारण ती त्यांच्या गावची; रविवार हिचा, बाकीच्या अकरा वाटा सणासुदीच्या सुट्ट्यांना. हॉल्टवरून निघालं की सरळ जुनी पाणंद, गावाची गाडीवाट, लागायची. उजवीकडे गुरुजींची मोसंबी, डावीकडे कडूबाचं रान. पाणंद संपली की नाला, मग गायरान, मग बोरटेकची बारव. पाणंद नसेल तर रुळाच्या कडेने जायचं किंवा हायवेला ट्रकांच्या चाकाखाली. म्हणजे पाणंद नाही तर पहिली वाटच नाही.

मोसंबीच्या बागेत, पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मधे, शेंदूर फासलेला एक म्हसोबा होता. तिथं गुरुजी सगळ्यांना थांबवत आणि गोष्ट सांगत. पणजोबांचा नांगर इथं अडला, बैल खाली बसला, आणि रात्री म्हसोबा स्वप्नात येऊन म्हणाला की माझ्या अंगावरून नांगर नेऊ नकोस, तुझ्या रानाची राखण मी करीन. तेव्हापासून चार पिढ्या आमच्याकडून दर पोळ्याला नारळ. ही गोष्ट सोहनलालजींनी निदान चाळीस वेळा ऐकली असेल. जालन्यातले कापडाचे व्यापारी, डॉक्टरने साखरेपायी चालायला लावलेले. ते दर वेळी हात जोडत आणि म्हणत, “मास्तरजी, ऐसा चौकीदार दुकानाला भेटला तर पगार देतो.”

तर जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी मंडळी उतरली, शंभर पावलं गेली, आणि पाणंदीच्या तोंडाशी तार लावलेली दिसली.

चांगली पाच पदरी काटेरी तार. सिमेंटचे खांब कडूबाच्या बाजूने निघाले होते आणि थेट गुरुजींच्या बांधाला येऊन भिडले होते. मधे माणूस आडवा झाला तरी जाणार नाही अशी फट. तारेपलीकडे, जिथून परवापरवापर्यंत लोक चालत होते, तिथं डाळिंबाची रोपं लावलेली.

गुरुजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी काठीने तारेवर चार तडाखे मारले. पाचव्याला काठी तारेत अडकली ती सोहनलालजींनी सोडवली.

“शंभर वर्षांची वाट!” गुरुजी ओरडले. “दिवसाढवळ्या गिळली! ह्या कडूबाला मी चौथीत शिकवलं आहे. तेव्हाही दुसऱ्याच्या पाटीवरचं गणित उतरवायचा. ती खोड गेली नाही!”

हे खोटं होतं. कडूबा गणितात बरा होता. पण रागात माणूस काय आठवेल याचा नेम नाही.

मंडळी परत फिरली आणि लिंबाखाली चार तास बसून जालन्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत राहिली. गुरुजी कुणाशी बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र बायकोशी, उषाबाईंशी बोलले, आणि आठवडाभर दुसरं काहीच बोलले नाहीत. उषाबाईंनी एकदा सांगून पाहिलं, “अहो, दिवाळीनंतर दोनदा कडूबा आल्ता घरी. तुम्ही नव्हते. काहीतरी सांगायचं होतं त्याला.”

“मग आता काय सांगणार? तोंड आहे का त्याला?”

“तेव्हाच तुम्हाला म्हणलं होतं, त्याला फोन करा. तुम्ही म्हणले, येऊ दे परत.”

गुरुजींनी हे ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण ऐकलं नाही.

कडूबाची थोरली मुलगी आकांक्षा परभणीला नर्सिंग शिकत होती. शनिवारी घरी यायची आणि रविवारी सकाळी परत जायची, ज्या गाडीने गुरुजींची मंडळी यायची त्याच गाडीने. म्हणजे दर रविवारी मंडळी उतरायची, आकांक्षा चढायची, आणि कडूबा खिडकीशी उभा राहून तिला डबा द्यायचा. त्या एका मिनिटात गुरुजींना नमस्कार करायचंही तो चुकवायचा नाही.

पुढच्या रविवारी गुरुजी चालायला आलेच नव्हते. ते कडूबासाठी आले होते.

गाडी थांबताच ते सर्वांत आधी उतरले. कडूबा मुलीला डब्यात चढवून खिडकीशी आला होता. त्याने सवयीने हात जोडले.

“हात काय जोडतो? चोरा!” गुरुजींचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. तो डब्याच्या शेवटच्या खिडकीपर्यंत गेला. “वाटचोर! लोकांच्या पायाखालची वाट चोरतो!”

खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कडूबाचे जोडलेले हात तसेच राहिले. तो हळू म्हणाला, “गुरुजी, पोरगी हाय गाडीत.”

“असू दे! तिलाही कळू दे बाप काय खातो ते! चोरीच्या डाळिंबावर शीक म्हणावं नर्सिंग!”

आकांक्षा खिडकीत होती. हातातला डबा तिने मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली. समोरच्या बाकावरची बाई तिच्याकडे बघत होती. गाडी हलली. कडूबा गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिकडेच पाहत उभा राहिला आणि मग गुरुजींकडे न बघता रानाकडे निघून गेला.

“बघा, बोलायला जागा नाही त्याला,” गुरुजी म्हणाले. त्यांना बरं वाटत होतं. खूप बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणं चार दिवस टिकलं.

मोजणीची कल्पना सोहनलालजींची. “मास्तरजी, तोंडानं बोलून काय होतं? मोजणी करवा. कागद बोलला की त्याची बोलती बंद.” गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी तातडीच्या मोजणीचा अर्ज टाकला. येत्या मोजणीला सगळ्यांनी हजर राहायचं, असं फर्मानही मंडळींना काढलं. चोराला चोर ठरवताना साक्षीदार हवेत.

फेब्रुवारीच्या शेवटी मोजणीवाला आला. अंगद नावाचा, तिशीचा, टोपी घातलेला, तिपाईवरचं यंत्र आणि गावनकाशाची नक्कल घेऊन. गावातले पंच आले. कडूबा आला. मंडळींपैकी सहा जण खास सकाळच्या गाडीने आले होते. गुरुजींनी सगळ्यांना उसाचा रस पाजला.

अंगद तासभर इकडून तिकडे फिरला. मग यंत्र उचलून सरळ मोसंबीत शिरला.

“तिकडे काय?” गुरुजी म्हणाले. “पाणंद इकडं आहे.”

“जुना दगड शोधून राह्यलो, सर. निजामाच्या मोजणीतला. नकाशात पाणंदीच्या उजव्या हद्दीला एक दगड दाखवलाय. यंत्र म्हणतं तो इथंच कुठं असाया पाहिजे.” तो चार पावलं डावीकडे गेला, दोन पुढे, आणि म्हसोबासमोर उभा राहिला. मग म्हसोबाकडे बघितलं. मग नकाशाकडे. मग त्याने टोपी काढली, ती नमस्कारासाठी की घामासाठी ते कळलं नाही.

“सर, हाच हाय.”

मोसंबीत भुंगे तेवढे गुणगुणत होते.

“शुद्धीवर आहेस का?” गुरुजी म्हणाले. “हा आमचा म्हसोबा आहे. चार पिढ्यांचा. तुझं यंत्र नादुरुस्त आहे.”

“यंत्र बराबर हाय, सर. खात्री करायची तर शेंदूर काढावा लागेल. दगडाच्या माथ्यावर छिन्नीची फुली असते. पण देवाला मी हात न्हाई लावणार.” पंचांनीही माना हलवल्या. ते कोणीच हात लावणार नव्हते.

“मी लावतो!” गुरुजी गरजले. “देव आहे की दगड, मीच दाखवतो सगळ्यांना!”

त्यांनी पायातल्या चपला काढल्या, खाली बसले, खिशातल्या किल्लीने शेंदूर खरवडायला लागले. चार पिढ्यांचा शेंदूर. पोपडे निघत होते, बोटं लाल होत होती. एक थर पोळ्याचा, एक थर नवसाचा, एक त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा असेल. बोटभर जाडीचा थर निघाल्यावर काळा दगड दिसला, आणि त्या दगडावर, अगदी मधोमध, कुणा पाथरवटाने सरकारी पगारावर काढलेली सरळ, स्वच्छ फुली.

किल्ली गुरुजींच्या हातात तशीच राहिली.

अंगदने तिथून दोरी धरली. दगडापासून कडूबाच्या मूळ हद्दीपर्यंत वीस फूट पाणंद. त्या वीस फुटांत मोसंबीची पहिली ओळ उभी होती, पूर्ण, बावीस झाडं. आणि झाडांच्या पलीकडे गुरुजींचा बांध. आजवर लोक ज्या पट्ट्यावरून चालत होते, तो पट्टा कडूबाच्या सातबारातला होता. तार त्याच्या हद्दीवर होती, वीतभरही पुढं नाही.

“म्हणजे?” सोहनलालजींनी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारून गेले.

“म्हणजे लोक इतकी वर्षं माझ्या रानातून चालून राह्यले, शेठजी,” कडूबा म्हणाला. इतक्या वेळात तो पहिल्यांदाच बोलत होता, आणि त्याचा आवाज चढत होता. “आमचा आजा सांगायचा. गुरुजींच्या आज्याचा नांगर दर साली एक तास, म्हंजी एक ओळ, पाणंदीत पडायचा. एक साल एक तास, दुसऱ्या साली अजून एक. बैलगाड्या सरकत सरकत आमच्याकडं आल्या. आज्यानं म्हणलं, जाऊ द्या, लोकाला वाट पाहिजे. बापानं तेच म्हणलं. मीबी तेच म्हणलं. औंदा डाळिंब लावलं, डुकरं लई झाली, म्हणून तार मारायची होती. सांगायला दोनदा जालन्याला आल्तो मी! विचारा बाईला!”

“मग इतकी वर्षं बोलला काहून नाहीस?” गुरुजी ओरडले.

“कोन सांगायचं तुम्हाला? दर रविवारी तुम्ही शहराचे लोक घेऊन येता, हात जोडायला लावता, गोष्ट सांगता. वस्तीतलं लहान पोर बी जानतं तो दगड काय हाय ते. तुमच्यासमोर येऊन म्हणायचं काय, गुरुजी, तुमचा म्हसोबा सरकारी हाय?”

एक पंच खोकला. तो हसू दाबत होता हे सगळ्यांना कळलं, आणि गुरुजींनाही.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे वाक्य गुरुजींनी फळ्यावर सुविचार म्हणून शंभर वेळा लिहिलं असेल. पण लिहून झालं की मास्तर पोरांकडे तोंड करून उभा राहतो, मग त्याला फळा दिसत नाही.

परतीच्या गाडीत सोहनलालजी समजूत घालायला शेजारी बसले. “मास्तरजी, मोजणीवर अपील करता येतं. फेरमोजणी मागा. एखादं वर्ष निघून जाईल—”

“आणि वर्षभर लोकांनी कुठून चालायचं? रुळावरून?” गुरुजी त्यांच्यावरही खेकसले. “चोरी पचवायला शिकवता मला?”

“मी तर तुमच्या बाजूनं बोलून राह्यलो,” सोहनलालजी पुटपुटले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

घरी आल्यावर गुरुजी आजोबांच्या आणि वडिलांच्या फोटोंसमोर उभे राहिले. दोघांचे फेटे, दोघांच्या मिशा. स्वप्नात म्हसोबा आला म्हणे! कोण आला होता आणि काय म्हणाला होता ते आता कळलं. दगड उपटला असता तर गुन्हा झाला असता. शेंदूर फासला, देव झाला, आणि देवाच्या दोन्ही बाजूंनी नांगर फिरला. कुंपणच शेत खातं म्हणतात, इथं राखणदारच वाट खात होता. आणि ही लबाडी मी दर रविवारी माणसं गोळा करून, हात जोडायला लावून सांगत होतो! त्यांना वाटलं फोटो भिंतीवर आपटावेत. आपटले नाहीत, कारण पहिल्या ओळीची बावीस झाडं आजोबांनी नव्हती लावली. वडिलांनीही नव्हती. ती गुरुजींनी स्वतःच्या हाताने लावली होती, वाटसरूंवर बांधावरून सावली पडेल म्हणून.

शुक्रवारी ते कुऱ्हाड घेऊन गावी गेले. उषाबाई न विचारता बरोबर गेल्या. झाडं फळांनी लगडलेली होती, मृगाचा बहार, महिनाभरात तोडीला आला असता. गुरुजींनी पहिल्या झाडावर घाव घातला तेव्हा हिरवी मोसंबी ढेकळांवर धपाधप पडली. तीन झाडांनंतर छाती भरून आली आणि गावातून मशीनवाल्याला बोलवावं लागलं. मशीनने उरलेली एकोणीस संध्याकाळपर्यंत आडवी केली. गुरुजी प्रत्येक झाडापाशी उभे राहून ‘हे पण’, ‘हे पण’ करत होते, जसं काही झाडांनीच काही केलं होतं. मग बांध फोडला.

उषाबाई कच्ची फळं पोत्यात भरत होत्या. लोणच्यालाही यायची नाहीत, पण मातीत पडलेली बघवत नव्हती.

“झालं ना आता?” गुरुजी म्हणाले. “झाली ना वाट मोकळी? आणखी काय करायचं माणसानं?”

उषाबाईंनी पोत्याचं तोंड बांधलं. “झाडं तोडणं सोपं आहे तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “कडूबाच्या घरी गेलात का?”

“तो येईल की बघायला.”

“तो येणार नाही. तुम्हीच म्हणाला होतात, येऊ दे परत. कितीदा यायचं त्यानं?”

रविवारी मंडळी खामनाळ्याला उतरली. गुरुजींनी ठरवलं होतं की आधी वाट दाखवायची. वाट बघितली की माणसाला बोलायचं काय ते आपोआप समजतं.

कडूबा नेहमीप्रमाणे खिडकीशी होता. त्याने आज हात जोडले नाहीत.

“वाट मोकळी केली,” गुरुजी त्याच्यासमोर जाऊन म्हणाले. “बावीसच्या बावीस झाडं काढली. बांध फोडला.”

“ऐकलं. मी न्हाई म्हणलो तोडा म्हणून.”

“मग काय पाहिजे तुला?” गुरुजींचा आवाज पुन्हा चढला. इतकं करूनही हा असा! फळांनी भरलेली झाडं! “सांग ना, काय पाहिजे?”

कडूबा फक्त एक पाऊल बाजूला सरकला.

त्याच्या मागे खिडकी होती. खिडकीत आकांक्षा होती, मांडीवर डबा घेऊन, पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून. गेले सगळे रविवार ती अशीच बसून गेली असणार हे गुरुजींच्या आत्ता ध्यानात आलं. गाडीने भोंगा दिला.

गुरुजी गजांपाशी गेले. “आकांक्षा,” ते म्हणाले, आणि पुढचं जवळजवळ पुटपुटले, “तुझा बाप चोर नाही. माझं चुकलं.”

तिने मान वळवली. डोळे रागाने भरलेले होते.

“मोठ्यानं म्हणा, गुरुजी,” ती म्हणाली. “त्या दिवशी पूर्ण डब्याला ऐकू गेल्तं.”

गाडी हलली.

एक क्षण गुरुजींना भयंकर राग आला. ह्या एवढ्याशा पोरीचा, कडूबाचा, सगळ्या खिडक्यांचा. मग खिडकी पुढे सरकली आणि ते तिच्यामागे धावले. काठी पडली, चप्पल निसटली, गुडघ्यात कळ गेली.

“कडूबा चोर नाही!” ते ओरडले. “ऐका! कडूबा चोर नाही! वाट आमच्या घरानं खाल्ली! मी खाल्ली! तो दगड हाय, देव न्हाई! कडूबा चोर न्हाई!”

एकेक खिडकी त्यांना मागे टाकून जात होती. आतली माणसं बघत होती, कुणी हसत होतं, कुणाला काहीच कळत नव्हतं. त्यांनी प्रत्येक खिडकीला तेच सांगितलं. फलाट संपला तिथं खडी लागली, तिथं ते थांबले, आणि शेवटचा डबाही निघून गेला. आकांक्षाला त्यातलं किती ऐकू गेलं हे त्यांना कधीच कळलं नाही.

ते वाकून धापा टाकत मागे वळले. मंडळी लिंबाखाली उभी होती. कडूबाने फलाटावर पडलेली गुरुजींची काठी उचलली, झटकली, बाकाला टेकवून ठेवली. मग तो रानाकडे निघाला, तारेच्या बाहेरून, बावीस खोडांच्या मधून, पाणंदीने.